५४ किलोत बसायचं म्हणून मुलगा पाणीसुद्धा पीत नाही

"ताई, आम्ही घणसोली गावातले. मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत. तीन वर्षं बॉक्सिंग करतोय, वर्षभरात तीन इंच उंच झालाय. वजन ५६.८ किलो. शालेय जिल्हास्तर स्पर्धेत ५४ मध्ये खेळ, असं सरांनी सांगितलंय, कारण ५७ मध्ये क्लबचा दुसरा मुलगा आहे. गणपतीत त्याने मोदकाला हात लावला नाही. आता रात्रीचं जेवण बंद, पाणी घोटभर, आणि रेनकोट घालून गच्चीवर दोरीच्या उड्या. उशाखाली बाटली सापडली, त्यात थुंकी होती. दप्तरात सीनियर मुलाने दिलेल्या लघवीच्या गोळ्या होत्या. परवा ठाण्याहून प्रॅक्टिस करून येताना स्टेशनच्या जिन्यात चक्कर येऊन पडला. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, आम्हीही कबड्डीसाठी असंच वजन उतरवायचो. बॉक्सिंग बंद करू का? बंद केलं तर तो माझ्याशी बोलायचाच नाही."

ताई, बॉक्सिंग बंद करायची गरज नाही. ५४ किलोचा नाद मात्र आजच्या आज सुटायला हवा.

आधी त्या चक्करेचं बघा. उद्याच डॉक्टरांकडे न्या, स्पर्धा होऊन जाऊ दे असं म्हणू नका. चक्करेचं कारण बहुतेक उपास आणि तहान हेच निघेल, पण खेळणारं पोर असं कोसळलं की हृदय तपासून, निदान ईसीजी काढूनच त्याला पुन्हा रिंगमध्ये उतरू द्यावं. डॉक्टरांना रेनकोट, बाटली, गोळ्या सगळं सांगा. आणि त्याआधी कधी तो बरळायला लागला, उलट्या थांबेनात, अंग तापलंय आणि भान नाही असं झालं, तर घरी लिंबूपाणी देत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

गोळी घेतली का, हे न ओरडता विचारा. तिने चरबी जात नाही. जातं ते पाणी, आणि त्याच्याबरोबर पोटॅशियम, ज्याच्यावर हृदयाचे ठोके नीट पडणं अवलंबून असतं. शिवाय ही औषधं 'वाडा' या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहेत, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. वय पंधरा म्हणून कुणी सूट देत नाही. सीनियरने प्रेमाने दिलेल्या गोळीपायी पोराच्या नावावर डोपिंगचा डाग लागू शकतो, हे त्याला बहुतेक कुणी सांगितलेलंच नसेल.

आता वजनाचा हिशेब. ५६.८ वरून ५४ म्हणजे २.८ किलो, शरीराच्या जवळजवळ ५ टक्के. पाणी कमी होऊन वजन २ टक्के उतरलं तरी दम आणि चपळाई घटते. तुमच्या मुलाच्या बाबतीत ते जेमतेम १.१ किलो होतं. म्हणजे ५४ च्या काट्यावर उभा राहील तो रोजचा तुमचा मुलगा नसेलच. शिवाय बॉक्सिंगमध्ये एकदा वजन दिलं की सुटलो असं नसतं. ज्या दिवशी लढत, त्या दिवशी सकाळी पुन्हा काटा. जिंकत गेला तर तितके दिवस तो अर्धपोटीच राहणार. जिंकल्याची शिक्षाच की ही.

मुलाच्या वडिलांना मी दोष देत नाही. आपल्याकडच्या गावांतली वजनी गटांची कबड्डी याच रिवाजात वाढली, आणि ते त्यातून धडधाकट बाहेर आले. पण कबड्डीत डोक्यावर ठोसे बसत नाहीत. कवटीत मेंदू पाण्यासारख्या द्रवात असतो, आणि कोरड्या पडलेल्या शरीरात ठोशाची इजा जास्त होऊ शकते, ही डॉक्टरांची खरी भीती आहे. वडिलांना आणखी एक सांगा. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महिना-सव्वा महिन्याच्या अंतरात कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजन उतरवताना दगावले. रबरी सूट, तापवलेली खोली, पाणी बंद. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सौना, म्हणजे घाम काढायची तापवलेली खोली, यांवर बंदी आली. आणि आपल्या खाडीकाठच्या ऑक्टोबरमध्ये खोली वेगळी तापवावी लागते का? हवा इतकी दमट की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग गार होत नाही. त्यावर रेनकोट चढवला म्हणजे उरलीसुरली वाटही बंद.

तीन इंच उंची वाढली, हे तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, पण माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. वाढीच्या भरात मुलाचं वजन वर्षाला आठ-नऊ किलोही वाढतं, आणि ते मुख्यतः हाड आणि स्नायू असतात. जे शरीर वाढायला निघालंय त्यालाच आपण आकुंचन पाव म्हणतोय. खाणं कमी आणि कसरत जास्त असं महिनोन्‌महिने चाललं की हाडं ठिसूळ होतात, सारखं सर्दी-पडसं होतं, जखमा भरत नाहीत, पोर चिडचिडं होतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याबद्दल बजावलं तेव्हा मुलींबरोबर मुलांचंही नाव घेतलं होतं.

काही वर्षांपूर्वी एका ज्युदो खेळणाऱ्या मुलीच्या आईला मी याच सदरातून लिहिलं होतं, स्पर्धा संपेपर्यंत धीर धरा. नंतर तिने कळवलं की मुलीची पाळी सहा महिन्यांपासून बंद होती. ते उत्तर मला अजून टोचतं. मुलींच्या बाबतीत निदान ती एक खूण तरी असते. मुलांच्या बाबतीत तेवढीही नाही, म्हणून तुम्हाला धीर धरा असं मी म्हणणार नाही.

सरांशी बोलायला वडिलांना पाठवा. ते खेळाडू होते, त्यांचं बोलणं सर ऐकून घेतील. भांडायला नाही. "सर, पोरगा वाढतोय, ५७ मध्येच खेळवा. जागा एकच असेल तर दोघांची निवड लढत लावा. हरला तर या वर्षी नाही खेळणार," एवढंच म्हणायचं. तो पंधराचा आहे, सतरा वर्षांखालच्या गटात पुढचं वर्षही आहे. सरांचा हेतू वाईट असेल असं मी धरत नाही. प्रत्येक गटात एक पोरगा बसवायची त्यांची अडचण खरी आहे. पण ती अडचण तुमच्या मुलाच्या पोटातून सोडवायची नाही.

सर बहुधा मेरी कोमची गोष्ट सांगतील, २०१८ मध्ये पोलंडमध्ये तिने काही तासांत दोन किलो उतरवले ती. गोष्ट खरी आहे. पण ती तेव्हा पस्तिशीची, पाच वेळा जगज्जेती होऊन बसलेली, तिची वाढ कधीच संपलेली. मुलाला तिची दुसरी गोष्ट सांगा. ४५, ४६, ४८ किलोत जगज्जेती झालेली हीच मेरी २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये वरच्या, ५१ किलोच्या गटात उतरली आणि ब्राँझ घेऊन आली. आणि विनेश फोगाट आठवत असेलच. पॅरिसमध्ये, ऑगस्ट २०२४, ५० किलोच्या कुस्तीत फायनलच्या सकाळी फक्त १०० ग्रॅम जास्त. डॉक्टर दिमतीला, रात्रभर धावपळ, केससुद्धा कापले, तरी काटा खाली आला नाही. तिथे हे होतं, तर आपल्या गच्चीवर काय होणार?

कधी खरोखरच चरबी कमी करायची वेळ आली, तर आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त नाही, ही अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मर्यादा आहे, आणि तीही आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. आत्ता मात्र त्याला खायला घाला. प्रॅक्टिसला निघताना केळं, आल्यावर भाकरी आणि बांगडा, नाहीतर अंडी. नाचणी, सुके बोंबील, दूध हाडांना लागतं. डबे भरून पावडरी आणू नका. काटा घरात असेल तर कपाटावर ठेवा. आठवड्यातून एकदा, तेवढं पुरे.

राहिली ती बाटली. अंगातलं पाणी कमी होऊन वजन उतरावं म्हणून पंधरा वर्षांचं पोर रात्री अंधारात एकटं थुंकत बसतं, ते हट्टापेक्षा भीतीने. आपण नाही बसलो तर सर टाकून देतील, मित्रांत तोंड कसं दाखवायचं, ही भीती. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, ५४ नाही झालं तर काय होईल असं तुला वाटतं? मग गप्प राहा, त्याला बोलू द्या. पाहुण्यांपुढे त्याच्या अंगाबद्दल, जाड किंवा बारीक, कुणीच काही बोलायचं नाही असं घरात ठरवा. स्पर्धेचा विषय मिटल्यावरही तो ताटावरून उठत राहिला, किंवा जेवून ओकताना दिसला, तर समुपदेशकाकडे नेण्यात अजिबात उशीर करू नका.

आणि सरांनी ऐकलंच नाही तर क्लब बदला. ठाण्यात आणि नवी मुंबईत बॉक्सिंग शिकवणारे आणखीही आहेत. नव्या ठिकाणी फी विचारण्याआधी एवढंच विचारा, वाढत्या मुलाचं वजन तुम्ही उतरवता की त्याचा गट बदलता?