हुडी दिसली की संशय का येतो?

प्रश्न: माझा मुलगा बाराही महिने हुडी घालतो, टोपी डोक्यावर ओढूनच फिरतो. घरातले म्हणतात मवाल्यासारखा दिसतोस. साध्या कपड्याबद्दल एवढं वाईट मत आलं कुठून?

उत्तर: ताई, मुळात हा कष्टकऱ्यांचा कपडा. टोपीवाला अंगरखा रोमन काळातही होता, मग मध्ययुगात ख्रिस्ती मठांतल्या साधूंचा वेष झाला, तेव्हा त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. आजची हुडी १९३० च्या दशकातली, अमेरिकेतल्या चॅम्पियन कंपनीने न्यूयॉर्क राज्यात गारठलेल्या गोदामांत राबणाऱ्या कामगारांसाठी स्वेटशर्टला टोपी जोडली, आणि सरावानंतर घामेजलेलं अंग गार पडू नये म्हणून खेळाडूंनीही ती उचलली.

बदनामी सुरू झाली १९७० नंतर. न्यूयॉर्कमधली हिप-हॉपवाली (रॅप गाणी आणि नाच करणारी) पोरं हुडी घालायला लागली, ट्रेनच्या डब्यांवर चोरून ग्राफिटी, म्हणजे रंगाने नावं-चित्रं काढणाऱ्यांना चेहरा झाकायला टोपी बरी पडायची, मग पोरं, रात्र आणि गुन्हा हे सगळं लोकांच्या डोक्यात एकत्रच बसलं. पुढे २००५ मध्ये इंग्लंडमधल्या ब्लूवॉटर मॉलने डोक्यावर टोपी ओढून यायला बंदी घातली आणि पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनीही त्याला पाठिंबा दिला.

पण मला सगळ्यात बोलकं वाटतं ते २०१२ साल. फेब्रुवारीत फ्लोरिडात ट्रेवॉन मार्टिन हा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा हुडी घालून दुकानातून परत येत होता, हातात चॉकलेट-गोळ्यांचं पाकीट आणि थंड पेय, आणि वस्तीवर पहारा ठेवणाऱ्या एकाने संशयावरून पाठलाग केला, झटापट झाली, त्यात त्याने मुलाला गोळी घातली. टीव्हीवर एका नामांकित पत्रकाराने चक्क हुडीलाही जबाबदार धरलं! निषेध म्हणून अमेरिकेचे खासदार बॉबी रश संसदेत हुडी घालून बोलायला उभे राहिले तर त्यांनाच बाहेर काढलं. आणि त्याच वर्षी मे महिन्यात फेसबुकचा मार्क झुकरबर्ग हुडी घालून गुंतवणूकदारांना भेटायला गेला, तेव्हा फार तर बालिश म्हणून टीका झाली, जीवाला काही धोका नव्हता. कपडा तोच ना? मग संशय कपड्यावर नव्हताच, आतल्या माणसाच्या रंगावर आणि गरिबीवर होता, आणि याचा मला खरंच राग येतो.

बँकेत, परीक्षेच्या हॉलमध्ये चेहरा दिसावा म्हणून टोपी खाली घे सांगितलं तर ते रास्तच आहे, मुलाने ऐकावं. बाकी वेळी घालू दे त्याला खुशाल, आणि मवाली म्हणणाऱ्यांना विचारा, त्याने नक्की केलंय काय?