साउंड मॉड्यूल घेताना ६४ पॉलिफोनी पुरेल की १२८ हवी?

आपल्याकडे संगणक, ऑडिओ इंटरफेस आणि मिडी कीबोर्ड आहे, घरीच ध्वनिमुद्रण करायचे आहे आणि ६४ की १२८ पॉलिफोनीचे मॉड्यूल (मिडी संदेशांवरून सूर वाजवणारे, स्वतःच्या पट्ट्या नसलेले उपकरण) घ्यावे एवढ्यावर निर्णय अडला आहे, असे आपण लिहिले आहे. आपल्या कामासाठी ६४ पुरेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

पॉलिफोनीचा आकडा म्हणजे एका वेळी वाजणाऱ्या सुरांची संख्या नव्हे, तर व्हॉइसची, म्हणजे ज्यांतून सूर घडतो त्या ध्वनिघटकांची संख्या. १९९४ साली आलेल्या रोलँड जेव्ही-१०८० ची पॉलिफोनी ६४ व्हॉइसची आहे. परंतु त्याच्या एका पॅचमध्ये, म्हणजे साठवलेल्या एका ध्वनीत, चारपर्यंत टोन (एकावर एक रचलेले थर) असू शकतात, प्रत्येक टोनला एक व्हॉइस लागतो आणि चारही टोन वापरणारा पॅच निवडला की एकाच वेळी १६च सूर वाजू शकतात. त्यात सस्टेन पेडल दाबून सावकाश विरणारे पॅड (मऊ, लांबणाऱ्या नादाचे पॅच) वाजवले, तर आधीचे सूर मध्येच तुटू लागतात. मॉड्यूलचे सर्व १६ भाग, म्हणजे १६ वेगवेगळी वाद्ये, एकाच वेळी वाजवायचे असतील तेव्हा ही मर्यादा खरोखर जाणवते. आपण मात्र एकेक ट्रॅक स्वतंत्रपणे ऑडिओ म्हणून मुद्रित केलात, तर प्रत्येक वेळी संपूर्ण ६४ व्हॉइस त्या एकाच वाद्याच्या वाट्याला येतात.

या पद्धतीचा आणखी एक लाभ आहे, ज्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. पाच पिनांच्या मिडी केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट जातात आणि एक सूर सुरू करण्याच्या पूर्ण संदेशाला जवळजवळ १ मिलिसेकंद लागतो. त्यामुळे एकाच मात्रेवर ड्रम, बास आणि दोन्ही हातांचे कॉर्ड आले, तर रांगेतील शेवटचा सूर काही मिलिसेकंद मागे पडतो आणि ठेक्याची धार बोथट होते. ट्रॅक वेगवेगळे मुद्रित केल्यास ही दाटी राहत नाही. शिवाय मॉड्यूलला स्टिरिओची एकच जोडी असली, तरी मिक्सिंगच्या वेळी प्रत्येक वाद्य आपल्याला वेगळे मिळते.

जुने उपकरण घेणार असाल, तर आतील मेमरी बॅटरीची चौकशी अवश्य करावी. माझ्या पहिल्या मॉड्यूलची बॅटरी संपली आणि अनेक महिने खपून बसवलेले पॅच एका सकाळी नाहीसे झाले. त्याचे दुःख मला आजही होते. तेव्हापासून मी प्रत्येक बदलानंतर सिस्टिम एक्सक्लुझिव्ह डंप (मिडीमार्गे घेतलेली मॉड्यूलमधील पॅचची प्रत) संगणकात साठवून ठेवतो. डिस्प्ले आणि बटणेही तपासावीत. पडदा अंधूक असेल, तर पॅच संपादित करण्याचा उत्साह फार टिकत नाही.

खरा निर्णय कानांनी घ्यावा. कारखान्यातून आलेल्या बहुतेक पॅचवर रिव्हर्ब आणि कोरस सढळपणे घातलेले असतात, म्हणून एकट्याने वाजवताना ते भव्य वाटतात. प्रत्यक्ष रचनेत मात्र तेच इतर वाद्यांवर पसरतात. उपकरण हाताशी आले की सर्व इफेक्ट बंद करावेत आणि आपल्या रचनांत सतत लागणारी तीन-चार वाद्येच मंद्र सुरांपासून वरपर्यंत, हळू आणि जोरात वाजवून पाहावीत. हळू वाजवल्यावर केवळ आवाज लहान होतो की नादाचा पोतही बदलतो, याकडे मी सर्वांत जास्त लक्ष देतो.