रंगाचा डबा तूर्त बाजूला ठेवा

प्रश्न : डिचोलीला आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे. दर पावसाळ्यात कपाटामागची भिंत बुरशीने काळी पडते. रंग काढला तरी पुन्हा तेच. काय करावं?

उत्तर : ताई, आधी ओल कुठली ते बघा. भिंतीवर हातभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी चिऱ्यातून झिरपतंय. खोलीकडच्या बाजूला आले तर दोष दमट हवेचा. आमच्या फोंड्याच्या घरी पन्हळ फुटली होती, आणि मी तीन वर्षं बिचाऱ्या रंगाऱ्याला बोल लावत होतो! बुरशी कोरडी खरवडू नका, कण घरभर उडतात. मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसा. ब्लीचमध्ये व्हिनेगर चुकूनही नको, विषारी वायू सुटतो. कपाट चार बोटं पुढे ओढा.