आधी गॅस्केट, मग गादी

प्रश्न : आम्ही पोर्टलंडला (ओरेगन) असतो. माउंट हूडच्या जंगलात दोन-तीन रात्री मुक्काम करता यावा म्हणून जुनी सुबारू आऊटबॅक घ्यायचं चाललंय. दोन गाड्या हेरून ठेवल्यात. एक २००८ची, २.५ लिटर, चार गिअरची ऑटोमॅटिक, १ लाख ४० हजार मैल झालेली. दुसरी २०१३ची, सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक), १ लाख १८ हजार मैल. कोणती घ्यावी? मित्र म्हणतात, घेतली की लगेच जमिनीपासून दोन इंच उचलून घ्या. आम्ही तिघं, मुलगा दहा वर्षांचा.

उत्तर : जिचे कागद चोख, ती. २००८च्या इंजिनाचं दुखणं जगजाहीर आहे, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्या सांध्यातली गळती रोखणारी चकती. सिलिंडर आडवे असल्यामुळे गळती हेड आणि ब्लॉकच्या सांध्याच्या खालच्या कडेनं होते, वरून बॉनेट उघडून काही कळत नाही. रात्रभर उभी असलेली, थंडगार गाडी बघायला जा. टॉर्च घेऊन खाली वाका आणि त्या कडेवरून बोट फिरवा. काळपट चिकटा लागला तर पाझर सुरू झालाय. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग किंवा बुडबुडे दिसले तर विषय तिथेच संपला. इंजिन धुऊन चकाचक केलेलं असेल तर उलट जास्त संशय घ्या. मग वीस-पंचवीस मिनिटं चालवून आणा आणि तेच पुन्हा बघा; गरम सायलेन्सरच्या पाइपवर ठिबकणाऱ्या तेलाचा वास लपत नाही.

गॅस्केट बदलल्याची पावती असेल तर ती नीट वाचा. मल्टी-लेयर स्टील गॅस्केट, हेड मशिनवर सपाट करून घेतल्याची नोंद, आणि त्याच वेळी नवा टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, आयडलर, टेन्शनर (बेल्टच्या पुल्या) एवढं हवं. बेल्टची मुदत १ लाख ५ हजार मैल. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि गाडी भंगाराच्या भावाची होते. अशी पावती असलेली २००८ आम्ही डोळे झाकून घेऊ. पावती नसेल तर किमतीतून दोन-अडीच हजार डॉलर वजा धरा.

२०१३च्या इंजिनात बेल्टऐवजी चेन आहे, हे बरं. पण त्या काळातली काही इंजिनं तेल पितात, दोष पिस्टन रिंगांचा. घेतलीत तर दर हजार मैलांनी डिपस्टिक बघायची सवय लावा. सीव्हीटीचं ऑइल बदलल्याचा पुरावा मागा. लांबलचक चढ हळूहळू चढताना ती तापते; ऑइल टेम्परेचरचा दिवा लागला तर सपाटीवर थांबा, ‘पी’त (पार्किंगमध्ये) टाका आणि इंजिन चालूच ठेवा.

२००८ घ्यायची असेल तर आणखी एक चाचणी. रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी सावकाश दोन गोल चकरा मारा. गाडी उचक्या देत, कुणी मागून धरल्यासारखी चालली, तर पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा क्लच अडकतोय.

त्याला बहुतेक वेळा टायरच कारण असतात. चारही टायर एकाच मेकचे, एकाच झिजेचे हवेत. घेरातला फरक पाव इंचाच्या आत. शिवणकामाची टेप टायरभोवती गुंडाळून मोजा, दोन मिनिटांचं काम. एक टायर फाटला म्हणून एकच नवा टाकला की तो क्लच सतत घसरत राहतो आणि जळतो. छोटी स्टेपनी लावायची वेळ आली तर २००८मध्ये बॉनेटखालच्या ‘एफडब्ल्यूडी’ लिहिलेल्या जागी सुटा फ्यूज बसवा. मागच्या चाकांचा जोर तेवढ्यापुरता बंद होतो. स्टेपनी पुढे न लावता मागेच लावा.

दोन इंच उचलणं मनातून काढून टाका. एक्सलचा कोन वाढतो, त्याच्या टोकांच्या सांध्यांचे (सीव्ही जॉइंटचे) रबरी बूट फाटतात, ग्रीस उडून जातं. २०१३ला कंपनीनंच जमिनीपासून ८.७ इंच उंची दिलीय. ते पैसे चार ऑल-टेरेन टायर आणि इंजिनाखालच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर घाला. मूळचं कव्हर प्लॅस्टिकचं आहे, पहिल्याच दगडाला राम म्हणेल. २००८ला ऑइल फिल्टर खालून निघतो, म्हणून पत्र्याला त्याचं भोक असल्याची खात्री करा. २०१३ला फिल्टर वरच आहे. कच्च्या रस्त्यावर हवा २५ पीएसआयपर्यंत उतरवा; परत भरायला १२ व्होल्टचा पंप लागेलच.

झोपण्याचं म्हणाल तर तिघं आत मावत नाहीत. दोघं आत, एक तंबूत. सीट पाडल्यावर थोडा उतार राहतो, तो अर्ध्या इंचाच्या प्लायवूडनं भरून काढा. पण फळी उंच केली तर उठून बसताना डोकं छताला लागतं. दोन खिडक्या बोटभर उघड्या, वर जाळी. नाहीतर पहाटे काचांवरून पाणी ओघळतं. शेगडी आत पेटवायची नाही. टपावरच्या तंबूचा मोह आवरा : चालत्या गाडीच्या टपाला बारसकट १५० पौंडांची मर्यादा आहे, आणि बरेच तंबू त्याच्या आसपासच भरतात.

जंगलात रस्त्याच्या क्रमांकाची पाटी उभी असेल, म्हणजे आकडे एकाखाली एक, तर रस्ता खडबडीत समजा. आडव्या पाटीचा जरा सांभाळलेला असतो. उन्हाळ्यात वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका, तापलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनं गवत पेटतं.

प्रश्न : नाशिकहून भंडारदऱ्याला कॅम्पिंगसाठी २००७ची इंडिगो मरीना डिझेल उंच करून, मोठे टायर टाकून घ्यावी का?

उत्तर : १७५/६५ आर १४ ऐवजी १७५/७० टाकलेत तरी उंची वाढते जेमतेम ९ मिलिमीटर. त्यासाठी स्पीडोमीटर चुकवायचा आणि अपघातानंतर विमा कंपनीशी वाद घालायचा! कंपनीच्या मूळ नमुन्यात बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९मध्ये स्पष्ट केलंय. मागच्या दमलेल्या स्प्रिंगा नव्या टाका. गेलेली उंची त्यातच परत मिळते. टायमिंग बेल्ट पाच वर्षांपेक्षा जुना असेल तर निघण्याआधी बदला. आणि मुक्काम खासगी कॅम्पवर करा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही.