यंत्रमाग खाली, घर वर: आगीपासून बचावासाठी अग्निशमन दलाची मदत कशी घ्यावी?

सोलापुरात असं खाली माग, वर बिऱ्हाड सर्रास आहे, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्ता एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जण गेले.

दलाचं काम बंब पाठवण्यापुरतं नसतं. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचं 'नमुना ब' प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दर जानेवारी आणि जुलैत दलाला द्यायचं असतं. नुसता कागद घेऊ नका, एजन्सीच्या माणसाला आग विझवायचं सिलिंडर उचलून त्याच्या दाबाचा काटा हिरव्यात आहे का ते दाखवायला लावा.

खरा शत्रू सुताची भुकटी. मोटर, स्टार्टर, ट्यूबच्या पट्टीवर ती साचते आणि एका ठिणगीत छतापर्यंत पेटत जाते. रोज पाळी संपल्यावर मेन स्विच बंद करून झाडा. हवेच्या नळीने उडवलीत तर ती फक्त जागा बदलते.

६ किलोचं पावडरचं सिलिंडर जेमतेम १५-२० सेकंद चालतं. पिन काढा, दोन-तीन मीटरवरून ज्वाळेच्या बुडाशी मारा. पण सुताच्या गठ्ठ्यात पावडर फसवते: वरची ज्वाळा विझते, आत धुमसत राहतं. वीज तोडून गठ्ठा उघड्यावर ओढा, फोडा, पाणी ओता.

वर राहणाऱ्यांना मागांमधून न जाणारा दुसरा जिना हवाच. रात्री शटरला बाहेरून कुलूप नको. १०१ लावताना पत्त्यासोबत जवळची खूण आणि आत किती माणसं आहेत तेही सांगा.