चौदा गुण जास्त, तरी हार?

प्रश्न : सर, विम्बल्डन सुरू झालं की आमच्या घरात एक जुना वाद उकरून निघतो. कॉलेजात जाणारा माझा मुलगा फेडररचा भक्त. २०१९ च्या अंतिम सामन्यात फेडररने २१८ गुण जिंकले, जोकोविचने २०४, तरी हरला फेडररच. म्हणजे टेनिसची गुणमोजणीच अन्यायाची, असं तो म्हणतो. त्याचे वडील म्हणतात, हरला तो हरला. तुम्ही तर वर्षानुवर्षं जागून टेनिस बघता. तुमचा कौल कोणाला? – एक गृहिणी, डिचोली

उत्तर : मुलाचे आकडे बरोबर आहेत. हवं तर अजून एक देतो : गेमसुद्धा (गुणांचे गेम होतात, गेमचे सेट) फेडररचेच जास्त होते, ३६ विरुद्ध ३२. पण कौल वडिलांना.

२०१७ ची आपली गोव्याची विधानसभा निवडणूक आठवा. भाजपला साडेबत्तीस टक्क्यांच्या आसपास मतं, काँग्रेसला अठ्ठावीसच्या घरात. जागा मात्र काँग्रेसच्या १७ आणि भाजपच्या १३. (पुढे सरकार कोणी केलं ते विचारू नका, टेनिसमध्ये तशी सोय नाही.) सेट हा मतदारसंघ समजा, पाचांतले तीन जिंकले की सामना. फेडररने दुसरा सेट ६-१ असा धुऊन घेतला, तिथे त्याच्या गुणांचा ढीग लागला. पण त्या ढिगाची किंमत एक सेट, तेवढीच. जोकोविचने जिंकलेले तिन्ही सेट टायब्रेकवर, म्हणजे सेट बरोबरीत अडकल्यावर खेळतात त्या निर्णायक गेमवर, ७-५, ७-४ आणि ७-३. तो दुसरा सेट जोकोविचने फार मनावर घेतला नाही, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

त्या रात्रीची माझी स्वतःची एक जखम आहे, ती सांगतो. १४ जुलै, रविवार. लंडनमध्ये एकाच दिवशी दोन फायनल, इकडे विम्बल्डन, तिकडे लॉर्ड्‌सवर क्रिकेटचा विश्वचषक. आमच्या म्हापशाच्या घरात टीव्ही एक. बाहेर पाऊस कोसळत होता, मासेमारी बंद असल्यामुळे रविवार असूनही जेवण सुक्या सुंगटांच्या किसमुरीवर भागवलेलं आणि रिमोट पुतण्याच्या हातात. आमचा तह झाला होता : ओव्हर संपली की टेनिस, गेम संपला की क्रिकेट.

पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७ ने पुढे, सर्व्हिस त्याचीच, ४०-१५. दोन चॅम्पियनशिप पॉइंट, म्हणजे दोनांतला एक जिंकला की विजेतेपद. वय अडतिसाला महिनाभर कमी. मी खुर्चीतून उठून उभा. पहिल्या पॉइंटला त्याचा फोरहँड बाहेर गेला. पुतण्या म्हणाला, "काका, अजून एक आहे, जिंकलाच समज," आणि बटण दाबलं. पडद्यावर इंग्लंडचा बेन स्टोक्स. मी ओरडलो तोवर चॅनल परत आला, पण गुणसंख्या ४०-४० झालेली. फेडरर नेटवर आला आणि जोकोविचने त्याच्या बाजूने तिरका फोरहँड मारून त्याला चकवलं, तो फटका मी दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना पाहिला. चार तास ५७ मिनिटांच्या सामन्यातला नेमका तो एक पॉइंट माझा हुकला. पुतण्याशी चार दिवस बोललो नाही.

तर तुमच्या मुलाला सांगा, फुटबॉलमध्ये दोन गोल पुढे असलात तर चेंडू इकडेतिकडे ढकलून वेळ काढता येतो. टेनिसला घड्याळच नाही. शेवटचा पॉइंट तुम्हालाच मारावा लागतो, तो तुमच्यासाठी कोणी मारत नाही, आणि तोवर समोरच्याला संधी असते. फेडररला दोनांतला एक हवा होता. तो मिळाला नाही, मग आधीच्या २१८ ची बेरीज करून काय होणार? मी त्याच्यासाठी रडलो, पण अन्याय झाला असं कधी म्हटलं नाही.

अन्याय बघायचा तर तो त्याच रात्री लॉर्ड्‌सवर होता. इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघांच्या २४१ धावा, सुपर ओव्हरमध्येही १५-१५, आणि विश्वचषक कोणाला, तर चौकार-षटकार जास्त मारणाऱ्या इंग्लंडला, २६ विरुद्ध १७. न्यूझीलंडची माणसं शांत होती, मी असतो तर नसतो. तो नियम क्रिकेटवाल्यांनी त्याच वर्षी बदलला.

टेनिसवालेही बदलतातच म्हणा. शेवटच्या सेटमध्ये १२-१२ झाल्यावर टायब्रेक हा नियमही विम्बल्डनला त्याच वर्षी आला होता, आणि २०२२ पासून चारही मोठ्या स्पर्धांत ६-६ लाच दहा गुणांचा टायब्रेक. मला हे आवडलेलं नाही. विम्बल्डनलाच इस्नर आणि माहू २०१० मध्ये तीन दिवस खेळले, ११ तास ५ मिनिटं, शेवटचा सेट ७०-६८. कोर्टावरचा फलकसुद्धा ४७-४७ ला अडकून पडला होता. तो सामना संपला २४ जूनला, म्हणजे सांजावच्या, आपल्या विहिरीत उड्या मारायच्या सणाच्या दिवशी. शेजारचे दोघे दिवसभर विहिरीत उड्या मारून आलेले, डोक्यावर फुलापानांचा कोपेल तसाच, आमच्या सोप्यावर ओले उभे राहून शेवटचे गेम बघत होते. त्यांना टेनिस कळत नव्हतं. आता तसं पुन्हा होणार नाही.

जाता जाता मुलासाठी अजून एक आकडा. ८ जून २०२५, पॅरिस, फ्रेंच ओपनची फायनल. चौथ्या सेटमध्ये सिनर ५-३ ने पुढे, अल्कराझच्या सर्व्हिसवर ०-४०, तीन मॅच पॉइंट. तिन्ही गेले. पाच तास २९ मिनिटांनी चषक अल्कराझकडे, आणि एकूण गुण सिनर १९३, अल्कराझ १९२. पुतण्या आता पुण्याला असतो. त्या रात्री रिमोट माझ्या मांडीखाली होता आणि तिन्ही पॉइंट मी पाहिले.