साहेबांवर गुन्हा दाखल झाल्यावर : एका नव्या फौजदाराला पत्र

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कोठडीतला माणूस मेला आणि साहेबांवर ३०२, म्हणजे खुनाचं कलम, लागल्याचं तू फोनवर सांगितलंस. (नव्या न्याय संहितेत ते १०३ झालं, पण ठाण्यात अजून बरीच वर्षं ३०२च म्हणतील.) त्यानंतर तू जे विचारलंस, त्याचं उत्तर फोनवर देणं मला बरं वाटलं नाही. साहेबांनी तुला पोरासारखं सांभाळलं. आणि आता त्यांची माणसं म्हणतायत की एवढंच सांग, त्या माणसाला पहाटे आणलं होतं आणि आणतानाच तो प्यालेला होता. सांगू का, असं तू विचारलंस.

सांगू नकोस. पुढचं सगळं पत्र त्याच्या कारणांसाठी आहे.

तू गस्तीवरून साडेअकराला परत आलास तेव्हा तो ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे स्वतःच्या पायांवर उभा होता आणि चप्पल कुठं काढू म्हणून विचारत होता. सकाळी तू लॉकअपपाशी गेलास तेव्हा त्याला पाय टेकवता येत नव्हता. मधल्या वेळात डीबीच्या, म्हणजे गुन्हे उघडकीला आणणाऱ्या पथकाच्या, खोलीत तू नव्हतास. मग खोलीत काय झालं ते तुला माहीत नाही आणि ते तू सांगायचंही नाहीस. साहेबांना वाचवायला अंदाज बांधू नकोस, बुडवायलाही नको. रात्री उभा होता, चप्पल विचारत होता, सकाळी पाय टेकत नव्हता. तुझी साक्ष एवढीच आहे. ती लहान आहे म्हणून तिला कमी समजू नकोस. चार भिंतींच्या आत काय घडलं ते आतल्यांनाच ठाऊक असतं, म्हणून अशा खटल्यात कोर्ट आधी हेच पाहतं की माणूस आत गेला तेव्हा कसा होता आणि बाहेर आला तेव्हा कसा.

आज रात्रीच वही घेऊन बस आणि सगळं स्वतःच्या अक्षरात उतरवून काढ. गस्तीची वेळ, गाडीवर कोण होतं, तुला कुणाकुणाचे फोन आले, सकाळी चहा कुणी आणला. आठवत नाही तिथं 'आठवत नाही' असंच लिही. महिन्याभराने लोकांच्या बोलण्यातून आठवणी तयार होतात आणि आपल्याला त्या आपल्याच वाटायला लागतात. ठाणे दैनंदिनी आता सीसीटीएनएसवर, म्हणजे पोलिसांच्या संगणक यंत्रणेवर, असते, कोणत्या लॉगिनवरून कधी काय भरलं याचा माग राहतो. तुझा पासवर्ड ठाण्यात चौघांना माहीत असेल तर आजच बदल. मागाहून घातलेली एक ओळ तुझ्या नावावर निघाली तर पुरावा नष्ट केल्याचं कलम २३८ तुझ्यावर येईल, आणि त्या वेळी ती ओळ कुणी सांगितली होती हे सांगायला कुणी पुढं येणार नाही.

वकील स्वतःचा कर. साहेबांचे वकील भले आहेत, फी घेणार नाही म्हणालेत, हे सगळं खरं असेल. पण ते साहेबांचे आहेत. उद्या साहेबांच्या बचावासाठी 'रात्रपाळीला तो पोरगा होता' असं म्हणणं गरजेचं झालं, तर ते तसं म्हणतील आणि तो त्यांचा धर्मच आहे. तू त्या रात्री ठाण्यात होतास, म्हणजे समान इराद्याच्या कलमाची सावली तुझ्यावरही आहे. तेव्हा सीआयडीसमोर जायच्या आधी वकिलाशी बोल. पोलिसांपुढच्या जबाबावर सही घेता येत नाही, हे तू नाशिकला शिकलास. तो नियम आता तुझ्यासाठी आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी वेगळी असते. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनीच करायची, ही तरतूद २००५ च्या दुरुस्तीने आली, ती आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. तिथं बोलताना वही मनात ठेव आणि जेवढं विचारतील तेवढंच, पण सगळं सांग.

आता तुला ज्याची खरी भीती आहे त्याबद्दल लिहितो. 'आपल्याच माणसाविरुद्ध बोलला' हा शिक्का. तो बसेल. तू जेवायच्या डब्याशी आलास की बोलणं थांबेल, बदलीला कुठं टाकतील सांगता येत नाही. हे होणार नाही असं मी तुला सांगणार नाही. पण दुसऱ्या बाजूला काय आहे तेही बघ. सांगली आपल्याच कोल्हापूर परिक्षेत्रातली. २०१७ च्या नोव्हेंबरात तिथं लुटीच्या गुन्ह्यात धरलेला एक तरुण ठाण्यातच मेला. आरोपी पळून गेला असं आधी सांगण्यात आलं, आणि पोलिसांनीच मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला असा आरोप होऊन फौजदारासकट पोलीस आत गेले. त्याच्याही आधी, २००३ साली, घाटकोपर स्फोटाच्या तपासात धरलेल्या ख्वाजा युनूस या परभणीच्या इंजिनिअरबद्दल 'नेताना पळाला' असंच सांगितलं गेलं. मृतदेह आजतागायत सापडला नाही आणि खटल्याने दोन दशकं ओलांडली. मारहाणीत दोन-तीन माणसं असतात. ती झाकायला मात्र गाडीचा ड्रायव्हर लागतो, डायरीवाला लागतो, पंच लागतो, आणि ज्यांनी हातही लावला नव्हता ते आरोपी होतात. तुला आत्ता ज्या रांगेत उभं करतायत ती ही रांग आहे.

आणि काळ किती लांबतो ते बघ. नागपुरात जून १९९३ मध्ये लुटीच्या संशयावरून एका माणसाला रात्री घरातून उचललं, तो कोठडीत मेला. सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला सप्टेंबर २०१८ मध्ये. कबुलीसाठी मारहाण केल्याबद्दल त्या पोलिसांची तीन वर्षांची शिक्षा वाढवून सात वर्षं केली. पंचवीस वर्षं! त्यातल्या तुझ्या वयाच्या शिपायाचे केस तोवर पिकले असतील. निलंबन, अर्ध्या पगाराचा निर्वाह भत्ता, अडकलेलं पेन्शन, मुलीचं लग्न जमवताना समोरच्यांनी विचारलेला प्रश्न, हे सगळं त्या पंचवीस वर्षांत आलं. 'वरून आदेश होता' हा बचावही टिकत नाही. मुंबईतल्या एका चकमकीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं की वरिष्ठाने बेकायदा मारायला सांगितलं तर नकार देणं हेच पोलिसाचं कर्तव्य आहे.

जून २०२० मध्ये तमिळनाडूत सातनकुलमला बाप आणि मुलगा कोठडीतल्या मारहाणीनंतर मेले. लॉकडाऊनमध्ये दुकान उघडं ठेवलं एवढाच त्यांच्यावर ठपका होता. चौकशीला आलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांना रेवती नावाच्या हेड कॉन्स्टेबल बाईंनी त्याच ठाण्यात बसून सांगितलं की रात्रभर मारत होते. बाहेर सहकारी उभे होते, बाई घाबरलेल्या होत्या, तरी बोलल्या. मग हायकोर्टाने त्यांना संरक्षण द्यायला लावलं. मला त्या बाईंबद्दल फार आदर वाटतो. तूही संरक्षण मागू शकतोस, त्यात कमीपणा नाही. आता तर हायकोर्टासाठी मुंबईची गाडी धरायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात बसतं, सीपीआर इस्पितळासमोरच्या जुन्या कोर्टात. ज्या शवागाराबाहेर त्या माणसाची आई गुन्हा नोंदवल्याशिवाय पोराला ताब्यात घेणार नाही म्हणून बसली होती, तिथून रस्ता ओलांडला की हायकोर्ट. ती बाईही तो रस्ता ओलांडणार आहे, आणि तिने ओलांडावा असं मला मनापासून वाटतं.

साहेबांचा राग करू नकोस. ते आज आरोपी आहेत, दोषी नाहीत, आणि तुझ्या साक्षीने ते ठरायचंही नाही. वहिनींना भेटायला जा. मुलाची फी भरायची असेल तर भर. वहिनी रडून म्हणाल्या की एवढं एक वाक्य बोल, तर पाया पडून उठ आणि घरी ये, पण वाक्य बोलू नकोस.

तू विचारलंस की साहेबांसारखा माणूस असं का करेल. केलं की नाही ते कोर्ट बघेल. पण असं का घडतं ते मी नोकरीभर पाहिलंय. महिन्याची क्राईम मीटिंग, 'तुमच्याकडे घरफोड्या उघड नाहीत' म्हणून सगळ्यांदेखत झालेला अपमान, दोन दिवसांचा पीसीआर (पोलीस कोठडी), आणि रिकव्हरी दाखवायची घाई. पोलिसापुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नाही, ती फक्त ज्यातून वस्तू निघाली तेवढ्यापुरती. तरीही मार कबुलीसाठीच दिला जातो. मार खाणारा सोनं कुणाला विकलं म्हणून जे पहिलं नाव सुचेल ते सांगतो, आणि खरा चोर गांधीनगरात निवांत फिरतो. मारून उघड केलेल्या गुन्ह्यांतले किती कोर्टात टिकले, हे आपल्या खात्याने कधी प्रामाणिकपणे मोजलं असतं तर मारायचा पट्टा केव्हाच भिंतीवरून खाली आला असता.

आणि 'एवढ्याने कोण मरतं' हे तुझ्या ठाण्यात आत्ताही कुणी म्हणत असेल. मरतं. तळवे, मांड्या, कुल्ले, इथं मारलं की कातडी फाटत नाही, रक्त दिसत नाही, म्हणून मारणाऱ्याला वाटतं काही झालं नाही. आत स्नायू चिरडलेले असतात. त्यांतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पाडतं. लघवी कोऱ्या चहासारखी होते, मग कमी होत जाते, आणि माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जातो. तोवर तो कोठडीतून जेलमध्येही गेलेला असतो आणि सगळे म्हणतात, इथून तर चालत गेला होता. डॉक्टर तळव्याला खोल छेद घेतात तेव्हा आतलं साकळलेलं रक्त दिसतं, आणि या शवविच्छेदनाचं चित्रीकरण झालेलं असतं. परभणीच्या त्या कायद्याच्या विद्यार्थ्याबद्दल डिसेंबर २०२४ मध्ये आधी छातीत दुखल्याचं सांगितलं होतं. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असं कारण आलं.

उद्या तुझ्या ताब्यात माणूस असेल तेव्हाचं सांगतो, कारण सगळे मृत्यू माराने होत नाहीत आणि त्यांचाही जाब तुलाच द्यायचा असतो. आत घेताना विचार, गोळ्या कसल्या चालू आहेत. फिटच्या, साखरेच्या, बीपीच्या. त्या घरून मागव आणि कधी दिल्या ते लिही. रोज पिणाऱ्याची दारू तुटली की दोन-तीन दिवसांत हात कापतात, भिंतीवर काहीबाही दिसतं, झटके येतात. ते नाटक नसतं, त्याला दवाखान्यात न्यायचं. बरळणारा, ओकणारा, उठवूनही न उठणारा माणूस प्यालेला आहे असं कधीच ठरवू नकोस. डोक्याला मार लागलेला माणूस अगदी तसाच दिसतो आणि 'झोपू द्या त्याला' या वाक्याने मरतो. करदोटा, नाडी, पट्टा काढून घे. अटकेचा पंचनामा करताना अंगावरच्या जुन्या-नव्या खुणा लिहून दोघांच्या सह्या घे आणि नातेवाइकाला खरोखर फोन लाव. खुणा, सह्या आणि नातेवाइकाला कळवणं हे सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालाने १९९६ सालीच सांगितलं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणीसुद्धा. सीपीआरला मेडिकलला नेशील तेव्हा आपला शिपाई डॉक्टरच्या टेबलाशी उभा राहतो. त्याला दाराबाहेर उभा कर. आरोपी डॉक्टरला काय सांगतो ते आपल्या कानावर पडायचं कारण नाही.

जबाबाची तारीख कळली की लगेच कळव. ज्या वकिलांशी मी बोललोय ते सकाळी दहाच्या आधी कसबा बावड्याच्या कोर्टात भेटतात. वही घेऊन ये, फोटो काढून कुणाला पाठवू नकोस. आणि आईला सगळं तूच सांग, पेपरातून तिच्या कानावर जायच्या आत.

तुझा काका